सत्तरपैकी बासष्ट

मंगळवारी चौबाऱ्यावरून पकड आणली
आणि रेडिओशेजारी ठेवली.
पकडीशेजारी डबी.

डबी प्लास्टिकचीच,
पण तोरा काचेचा.
चारही कडा वितळवून जोडलेल्या,
वर पांढरी पट्टी, काळ्या रेघा,
आठ आकडी नंबर,
आणि गुण: सत्तरपैकी बासष्ट.
शंभरपैकी कामून नाहीत
हे कुणालाच सांगता आलं नाही.
मला मॅट्रिकला एकसष्ट होते.

आत हाली रुपया.
चार मिनार, आणि मधल्या दरवाजात
उंबऱ्यावर टेकल्यासारखं एक अक्षर.

एकतीस वर्षं मी उदगीरच्या बँकेत रोखपाल होते.
नोटांनी अंगठ्यावरच्या रेघा पुसल्या,
चिल्लरीनं बोटं काळी केली;
घरी येऊन चिंचेनं घासायची, मग पोळ्या.
पैसा मला हातानं कळतो.
एवढा एकच मी विकत घेतला,
आणि तेवढ्यालाच अजून शिवले नाही.

भाचा म्हणतो, मावशी, डबी फोडलीस की संपलं.
नंबर गेला की चांदीच्या भावात जाईल.
बरोबर आहे त्याचं.
लातूरला विमा विकतो तो.

जालन्याचे व्यापारी फोनवर हसले:
"म्याडम, फोडून परत पाठवलात
तर चौसष्टही येतील,
साठही येतील,
नाहीतर 'धुतलेला' असा शेरा मारून
तसाच परत येईल. जुगार आहे.
आणि तुमच्या बोटांचा घाम,
त्याला तर तो लगेच कळतो."
मला वाटलं,
कळू दे की एकदा.

आमचं आडनाव पोतदार.
म्हणजे कधीतरी, कुठल्यातरी कचेरीत
आमच्यातला कुणी फरशीवर नाणं टाकायचा,
डोळे मिटायचा,
आणि मान हलवायचा: हो, किंवा नाही.
भिंग नव्हतं, पट्टी नव्हती.
भाषेनंसुद्धा सगळा न्याय कानावरच सोपवलाय:
खणखणीत म्हणतो आपण.
चकचकीत म्हटलं
की त्यात संशय आलाच.

शुक्रवारी नमाजानंतर इमामसाब आले.
बँकेत शिपाई होते, चिल्लरीच्या थैल्या
पाठीवर घेऊन जिना चढायचे.
आता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू.
त्यांच्या अब्बांचा पगार हालीतच व्हायचा.
म्हणून डबी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी कडा चाचपल्या,
अंगठ्यानं मिनार शोधले,
मिळालं गुळगुळीत प्लास्टिक.
कानाशी नेऊन हलवली.
आतल्या कड्यानं रुपयाला इतकं घट्ट धरलेलं
की खुळखुळसुद्धा नाही.
"बाई," ते म्हणाले, "ये तो गूंगा है."

मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही.
कपाटातून दुसरा काढला,
त्याच टांकसाळीचा, बहुतेक त्याच सालचा.
साल झिजून गेलंय, मिनार तीनच दिसतात,
त्याच्यासाठी कुणी डबी करणार नाही.
शहाबादी फरशीवर टाकला.

वाजला.
मांजरानं कान वळवले.
आवाज न्हाणीच्या दारापर्यंत गेला,
उगीच थोडा रेंगाळला,
मग रुपया गोल गोल फिरत पलंगाखाली.
मी गुडघे धरून वाकले, हातानं धूळ चाळत.

इमामसाब चहाची बशी ओठांशी तशीच धरून
ऐकत राहिले, आवाज संपल्यावरही.
मग म्हणाले,
"ये बज गया.
वो बाकी है."

ते गेल्यावर हिशोब मांडला, सवयीनं.
एका बाजूला अठ्ठावीस हजार,
दुसऱ्या बाजूला काय लिहावं ते सुचेना.
तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात बसून
पकडीच्या दोन्ही दातांना
जुन्या पंचाची चिंधी गुंडाळली.
फुटलंच काही,
तर ओरखडा नको उठायला.

लाईट नऊला येते.
हात मात्र आत्ताच धुऊन आले,
चिंचेनं.